एक फोन, अडतीस लेकरं: शाळेत खरंच चालणाऱ्या फुकटच्या गोष्टी

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना मध्ये मध्ये आलेलं ‘म्हणजे’ आणि ‘ते हे’ तेवढं कमी केलंय.)

बिलोलीहून बोलतोय.

गेल्या काही दिवसांत आलेल्या मेसेजमध्ये निम्मे शिक्षकांचे होते. कुणी पवित्र पोर्टलवरून नुकतंच लागलेलं, कुणी बीएडच्या शेवटच्या वर्षाला, कुणी खाजगी शाळेवर. सगळ्यांचा प्रश्न एकच: “तू सॉफ्टवेअरवाला आहेस, तर वर्गात वापरायला फुकटातलं चांगलं काय आहे ते सांग की एकदा.” आता यूट्यूबवर ‘शिक्षकांसाठी वीस भन्नाट टूल्स’ असे व्हिडिओ ढिगानं पडलेत. मी बसून बरेच पाहिले. अडचण अशी की ते ज्या वर्गासाठी बनवलेत, त्या वर्गात प्रत्येक पोरापुढं एक लॅपटॉप आहे आणि वायफाय कधी जातच नाही.

माझ्या आत्याची मुलगी, आमची ताई, बिलोली तालुक्यातच मांजरेकाठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. सहावी-सातवी एकाच खोलीत, मिळून अडतीस लेकरं. त्यातल्या बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, कारण नदी ओलांडली की तेलंगणाच. वर्गात एक टीव्ही आहे, लाईट असली तर चालतो. मोबाईलची रेंज व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात येते. फोन ताईचा, रिचार्ज ताईचा. आणि ती अजून शिक्षणसेवक आहे. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला पहिली तीन वर्षं महिन्याला १६,००० रुपये मानधन मिळतं, २०२३ च्या आधी तर ते ६,००० होतं. त्यात खोलीभाडं, पेट्रोल आणि घरी पाठवायचे पैसे. तेव्हा ‘महिना फक्त २९९ रुपये’ असं कुठलं अ‍ॅप म्हणालं तर ते ‘फक्त’ तिच्यासाठी नसतं.

म्हणून आजच्या भागातली प्रत्येक गोष्ट मी ताईच्या वर्गात बसेल का, एवढंच बघून निवडली. तुमची शाळा शहरात असेल, प्रोजेक्टर असेल, तर उत्तमच, हे सगळं तिथं चालेलच. उलटं मात्र चालत नाही.

आधी ‘फुकट’ या शब्दाकडं जरा बघू, कारण आमच्या धंद्यात हा शब्द फार सैल वापरतात. एक फुकट म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ. पहिले पाच धडे फुकट, सहाव्याला कार्ड मागणार. दुसरं फुकट जाहिरातींवर चालतं. गुणाकाराचा खेळ चालू असताना मध्येच रमीची जाहिरात, आणि समोर सातवीची पोरं. तिसऱ्यात पैसे नाही मागत, नाव, जन्मतारीख, मोबाईल नंबर मागतात, तेही लेकरांचे. आपल्याकडं २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यात अठरा वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. तेव्हा गुरुजी हो, कुठल्याही अ‍ॅपमध्ये अख्ख्या वर्गाची हजेरी भरण्याआधी थोडं थांबा.

आणि चौथं फुकट असतं ते खरं. लॉगिन न करता उघडतं, एकदा उतरवून घेतलं की नेट नसताना चालतं, झेरॉक्स काढली तरी कुणी ओरडत नाही, आणि बनवणारा उद्या गायब झाला तरी तुमच्या मेमरी कार्डात ते तसंच राहतं. मला विचाराल तर शिक्षकानं फक्त हे चौथंच गोळा करावं.

हे शेवटचं मी का म्हणतोय? ताईच्या शाळेत कपाटावर एक ई-लर्निंगचा संच आहे. २०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला, त्यानंतर डिजिटल शाळेची मोठी लाट आली होती, आठवत असेल तुम्हाला. गावागावांत लोकवर्गणी झाली. कापूस-सोयाबीनच्या पैशातून लोकांनी टीव्ही, प्रोजेक्टर, सॉफ्टवेअरचे संच घेऊन दिले. फार चांगली गोष्ट होती ती. पण ताईच्या शाळेतल्या संचातले बहुतेक धडे फ्लॅशमध्ये बनवलेले निघाले. फ्लॅश हे अ‍ॅडोबचं तंत्रज्ञान, ३१ डिसेंबर २०२० ला कंपनीनं ते बंद केलं, आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरमध्ये काही चालूच नये अशी सोय आधीच करून ठेवली होती. तोवर इकडं पुस्तकंही बदलली. संच विकणाऱ्याचा फोन लागत नाही. गावाचे पैसे कपाटावर धूळ खात पडलेत.

त्याच लाटेत एक दुसरी गोष्टही झाली, तिच्याबद्दल कमी बोललं जातं. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द त्या काळातला. शेकडो गुरुजींनी स्वतःच ब्लॉग काढले, पीडीएफ बनवल्या, पॉवरपॉइंटमध्ये प्रश्नमंजूषा केल्या, अँड्रॉइड अ‍ॅपसुद्धा बनवले. कुणी पगार वाढवून दिला नाही. यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड टाकायची कल्पना त्यांनी आपल्या वर्गात करून दाखवली, पुढं राज्याच्या पुस्तकांत कोड आले. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइज जाहीर झालं, दहा लाख डॉलर, आणि निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली.

आता बालभारतीच्या पुस्तकातला तो कोड. पोरांना वाटतं कोडमध्ये व्हिडिओ ‘भरलेला’ असतो. नसतो. क्यूआर कोड म्हणजे नुसता पत्ता. पाकिटावरचा पिनकोड कसा, तसा. पत्त्यावर गेल्यावर सामान मिळतं ते दीक्षा या अ‍ॅपवर. केंद्र सरकारचं हे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ ला, शिक्षक दिनी, सुरू झालं. त्याच्या खाली सनबर्ड नावाचं इंजिन आहे, एकस्टेप फाउंडेशननं बनवलेलं, आणि त्याचा कोड कुणालाही वाचता येतो. इंजिनिअर म्हणून मला हे आवडतं.

दीक्षातलं सगळंच चांगलं नाही, स्पष्ट सांगतो. काही व्हिडिओत सर कॅमेऱ्यापुढं उभे राहून धडा वाचून दाखवतात, बस्स. तो तर तुम्हीही वाचता. पण काही आकृत्या, काही गणिताचे सराव खरंच छान आहेत. दोन उपयोगाच्या गोष्टी सांगतो. पुस्तक जुनं झालं, कोडवर शाई पसरली, स्कॅन होईना, तर कोडच्या खाली सहा अक्षरं-आकडे छापलेले असतात. ते हातानं टाकले तरी तोच धडा उघडतो. दुसरं, अ‍ॅपमध्ये धडा उतरवून ठेवता येतो. रात्री घरी रेंज असते तेव्हा उतरवा, सकाळी वर्गात नेट बंद करून दाखवा.

पुस्तकांचंच निघालं म्हणून सांगतो, ई-बालभारतीच्या साईटवर सगळी चालू पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. मराठीच नाही, उर्दू, तेलुगू, कन्नडसुद्धा. आणि जुनी पुस्तकंही तिथं चढवलीत. बालभारती १९६७ ची. तुमच्या वडलांना त्यांच्या चौथीचं मराठीचं पुस्तक उघडून द्या, अर्धा तास फोन परत मिळणार नाही. पण ते फक्त आठवणींसाठी नाही. एकच विषय आधीच्या पुस्तकात सोप्या शब्दांत सापडतो कधी कधी, उदाहरणं जास्त असतात. ताई अपूर्णांकांसाठी जुनं पुस्तक वापरते.

आता विज्ञान. इथं जरा थांबतो, कारण इथंच सगळ्यात चांगला माल आहे.

फेट. स्पेलिंग पी, एच, ई, टी. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प २००२ साली कार्ल वीमन यांनी सुरू केला. त्यांना आदल्या वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. नोबेलवाला माणूस पोरांसाठी खेळ बनवायला बसला, हे मला अजून भारी वाटतं. यात व्हिडिओ नाहीत. पडद्यावरचे प्रयोग आहेत, बोटानं ओढायचे, जोडायचे. भरपूर प्रयोग मराठीत आहेत. लॉगिन नाही, जाहिरात नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, एक प्रयोग म्हणजे एकच एचटीएमएल फाईल. ती डाउनलोड करा, व्हॉट्सअ‍ॅपनं पाठवा, पेनड्राइव्हवर टाका, कुठल्याही फोनच्या ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते. आमच्या क्षेत्रात एवढं साधं काम करायला फार शिस्त लागते हो.

त्यातला विजेच्या मंडलाचा प्रयोग बघा. बॅटरी, वायर, बल्ब, स्विच. ताईनं टीव्हीला फोन जोडला आणि म्हणाली, करा काय करायचं ते. दुसऱ्याच मिनिटाला एका पोरानं बॅटरीची दोन्ही टोकं एका वायरनं जोडली. पडद्यावर बॅटरीला आग लागते त्यात. वर्ग असा ओरडला की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. आता हे पोर शेतातल्या मोटारीच्या पेटीत फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली रोज बघतं. ‘शॉर्ट झालं’ हा शब्द त्याला माहीत आहे, का होतं ते त्या दिवशी कळलं. खऱ्या वायरनं हे वर्गात दाखवता येत नाही आणि दाखवूही नये.

पण नुसत्या पडद्यावर थांबू नका. दुसरा खजिना आपल्या पुण्याचा आहे, अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, १९७८ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले आणि तिथं आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून आकार बनवायला लागले. काड्यांचा त्रिकोण हलत नाही, चौकोन लगेच वाकडा होतो. घराच्या छताला, विजेच्या टॉवरला त्रिकोण का असतात ते पोरगं हातानं शिकतं. पुढं ते पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बरीच वर्षं होते, २०१८ ला पद्मश्री मिळाली. त्यांच्या साईटवर खेळण्यांचे फोटो आहेत, छोटे छोटे व्हिडिओ आहेत, त्यातले बरेच मराठीत, आणि पुस्तकं तर हजारोंनी. मराठी पुस्तकांचा वेगळा विभाग आहे. साईट दिसायला जुनाट आहे, आमच्या ऑफिसातला डिझायनर बघून रडेल, पण हलक्या फोनवर पटकन उघडते.

बॅटरीचा एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक, थोडी तांब्याची तार. एवढ्यात फिरणारी मोटार होते. जळालेल्या मोटारीची तार तर आपल्याकडं प्रत्येक रिवायंडिंगच्या दुकानात मिळते. आदल्या दिवशी फेटवर मंडल, दुसऱ्या दिवशी ही मोटार. ताईचा क्रम असा आहे आणि मला तो बरोबर वाटतो.

गणितासाठी जिओजेब्रा. ऑस्ट्रियातल्या मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं, फोनवर नेटशिवाय चालतं. नववी-दहावीला भूमिती शिकवणाऱ्यांनी हे नाही वापरलं तर मी म्हणेन फळ्यावर उगीच कष्ट घेताय. वर्तुळावरचा बिंदू बोटानं सरकवा, अंतर्लिखित कोन तेवढाच राहतो. प्रमेय पाठ करण्याआधी ते डोळ्यांनी पटतं. याच्याबद्दल एवढंच, बाकी स्वतः उघडून बघा. आणि आकाशासाठी स्टेलेरियम, कॉम्प्युटरवर फुकट. तारीख-वेळ टाका, बिलोली निवडा, आज रात्री कुठला ग्रह कुठं आहे ते दिसतं. आपल्याकडं लाईट गेली की आकाश तसंही छान दिसतं, तेवढा एक फायदा.

भूगोलाचं एक उदाहरण देतो, हे मला स्वतःला फार आवडतं. पुस्तकात नदी, बंधारा, आंतरराज्य पाणीवाटप असे शब्द येतात. पोरं पाठ करतात. आपल्या शेजारी धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. त्याचं भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं, २८ फेब्रुवारी २०१३ ला निकाल लागला: बंधारा राहील, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, पावसाळ्यातलं पाणी खाली जाऊ द्यायचं. हे वाक्य वर्गात कितीही वेळा सांगा. आता कोपर्निकस ब्राउझर उघडा. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचे फोटो आहेत, साधारण दर पाच दिवसांनी एक, दहा मीटरपर्यंत बारीक, आणि सगळे फुकट. बाभळी शोधा, दरवाजे बंद व्हायच्या आधीचा एक आणि डिसेंबरातला एक असे ढग नसलेले दोन फोटो घ्या, स्क्रीनशॉट काढा. दोन चित्रं शेजारी ठेवा आणि काही बोलू नका. पोरंच विचारतात, “सर, हे पाणी इथं कसं काय थांबलं?” तिथून नागरिकशास्त्र सुरू होतं, न्यायालय म्हणजे काय, दोन राज्यं भांडली की कोण सोडवतं. कंदाकुर्तीला मांजरा गोदावरीला मिळते तेही त्याच चित्रात दिसतं. आपल्याकडं मांजरा म्हटलं की लोकांना वाळूचे ट्रकच आठवतात, वरून बघितल्यावर ती नदी किती वळणं घेते ते पहिल्यांदा कळतं.

इस्रोचं भुवनही आहे, देशी पर्याय, पण फोनवर मला ते जरा जड वाटलं. कॉम्प्युटर असेल तर जरूर बघा. गुगल अर्थ तर तुम्हाला माहीतच आहे.

आता भाषेकडं येतो. आपल्या पट्ट्यात खरी अडचण इथं आहे. पहिलीत आलेलं लेकरू घरी तेलुगू बोलतं आणि शाळेत बाई मराठीत विचारतात. ते गप्प बसतं. दोन महिने गप्प बसलं की त्याच्यावर ‘मंद’ असा शिक्का बसतो. मंद बिंद काही नसतं, त्याला प्रश्नच कळलेला नसतो. उर्दूवाल्या, बंजारा तांड्यावरच्या लेकरांचंही असंच.

इथं स्टोरीवीव्हर कामाला येतं. प्रथम बुक्सनं ८ सप्टेंबर २०१५ ला, साक्षरता दिनी, ते सुरू केलं. लहान मुलांची चित्रांची पुस्तकं आहेत, वाचनाच्या पातळीनुसार लावलेली, आणि आता तीनशेहून जास्त भाषांत. गंमत अशी की एकच गोष्ट, तीच चित्रं, मराठीतही सापडते आणि तेलुगूतही. ताईच्या शाळेतल्या पहिलीच्या बाई स्वतः बिलोलीच्या नाहीत, त्यांना तेलुगू येत नाही. त्या चित्र दाखवतात आणि लेकरांनाच विचारतात, “हे काय?” लेकरू म्हणतं, “पिल्ली.” बाई म्हणतात, “मांजर.” मग बाई चुकीचं तेलुगू बोलतात आणि अख्खा वर्ग बाईंना दुरुस्त करतो. जे लेकरू गप्प होतं ते आता बाईंना शिकवतंय. सातवीतली एक मुलगी तेलुगू वाचायला आजोबांकडून शिकलीय, ती पहिलीच्या वर्गात जाऊन तीच गोष्ट तेलुगूतून वाचते.

याचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा आहे. साध्या भाषेत, गोष्ट छापा, वाटा, भाषांतर करा, फक्त लेखक-चित्रकाराचं नाव ठेवा. भाषांतराची सोय साईटवरच आहे. बीएड करणाऱ्यांनो, तुमच्या गावची बोली असेल, तर एक गोष्ट तिच्यात आणून बघा. प्रकल्प वहीत कापून चिकटवलेल्या चित्रांपेक्षा हे बरं.

छापण्याचा हिशोब सांगतो. सोळा पानांचं पुस्तक पुस्तिकेसारखं छापलं तर ए-फोरचे चारच कागद लागतात, दोन्ही बाजूंनी. आमच्या बस स्टँडजवळ झेरॉक्स एका बाजूला दोन रुपये. म्हणजे सोळा रुपयांत एक पुस्तक, मध्ये दोन पिना मारल्या की झालं. काळं-पांढरं येतं, मग लेकरंच रंगवतात.

मराठी शिकवणाऱ्या वरच्या वर्गांच्या शिक्षकांसाठी दोन ठिकाणं. एक, वाईचा मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला, पहिला खंड १९७६ चा, वीस खंड, सगळा ऑनलाइन. दुसरं, शिकागो विद्यापीठाच्या साईटवर मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शोधता येतो. आपल्या आजीच्या तोंडचा एखादा शब्द पोरांना ‘गावंढळ’ वाटतो ना, तो आधी तिथं शोधायला लावा. सापडला तर त्याची ऐट वाढते.

नेट अजिबात नाही अशांसाठी किविक्स. हे अ‍ॅप विकिपीडिया अख्खा फोनमध्ये उतरवतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे, इंग्रजीच्या मानानं लहान, त्यामुळं साध्या फोनमध्येही बसतो. त्याहून चांगलं म्हणजे शिक्षकाच्या फोनचा हॉटस्पॉट लावला तर शेजारचे फोन त्यावरून तोच मजकूर वाचू शकतात, डेटा न जाळता. पालकसभेला दहा-बारा फोन येतात तेव्हा करून बघा.

परीक्षेसाठी प्लिकर्स. प्रत्येक पोराला एक छापील कार्ड, त्यावर चौकोनी नक्षी. कार्ड चार बाजूंनी धरता येतं, ए, बी, सी, डी. तुम्ही प्रश्न विचारा, पोरं कार्ड वर धरतात, तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवा, कुणी काय उत्तर दिलं ते लगेच कळतं. शेजाऱ्याचं बघून लिहायला जागा नाही, कारण कार्डं सगळी वेगळी. फुकटच्या खात्यात प्रश्नांवर मर्यादा आहे, पण तासाच्या शेवटी चार प्रश्न पुरतात. नेट फक्त तुमच्या फोनला लागतं. आणि नावं टाकू नका, हजेरी क्रमांक टाका. मघाशी कायद्याचं बोललो ते यासाठीच.

एआयचं विचारणारे बरेच होते. चॅटबॉटकडून प्रश्न काढून घ्या, गोष्टीचा कच्चा खर्डा घ्या, वेळ वाचतो. पण मराठीतली माहिती तशीच फळ्यावर उतरवू नका. तो आत्मविश्वासानं खोटं बोलतो, आणि चौथीच्या पोराला ते कळत नाही. तारीख, नाव, व्याख्या विश्वकोशात किंवा पुस्तकात पडताळा. त्याच्यावर वेगळा भाग करू.

प्रश्नपत्रिका टाइप करणाऱ्यांसाठी एकच विनंती, जुने फॉन्ट सोडा. तुमच्या कॉम्प्युटरवर ‘गणित’ दिसतं आणि झेरॉक्सवाल्याकडं त्याच जागी इंग्रजी कचरा दिसतो, ते त्या फॉन्टमुळं. युनिकोडमध्ये टाइप करा. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता फॉन्ट फुकट आहे, सुंदर आहे, लिब्रे ऑफिसही फुकट आहे. शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीत आहेत, दहा-बारा मिनिटांचे, उतरवून घेता येतात.

शेवटी कुंडलवाडीहून आलेल्या एका मेसेजचं उत्तर. उर्दू माध्यमाच्या शाळेवरच्या एका सरांनी विचारलं की आमच्यासाठी यातलं काय. सर, बालभारतीच्या उर्दू पीडीएफ आहेत, स्टोरीवीव्हरवर उर्दू गोष्टी आहेत, फेटचे प्रयोगही उर्दूत मिळतात. फक्त गोष्टीची पुस्तिका छापताना एक काळजी घ्या. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये छपाईच्या खिडकीत ‘बुकलेट’ निवडलं की खाली बाइंडिंग डावीकडं की उजवीकडं असं विचारतं. झेरॉक्सवाला सवयीनं डावीकडंच ठेवतो, आणि मग पुस्तक शेवटच्या पानापासून सुरू होतं. उजवीकडं करा, एक प्रत काढून दुमडून बघा, मग बाकीच्या काढा.